शिवज्योत येणार, आपलं ताट तयार आहे. पण आधी थोडं विचारू या

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात जानेवारी महिन्यात झालेलं भाषण)

मी तुमच्यासारखीच गटातली बाई. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी इथं येते ती शेळीपालन, कर्जाची परतफेड, ग्रामसंघाचं खातं असलं काहीतरी घेऊन. आज मात्र पोरांविषयी बोलायचंय. तुम्ही म्हणाल, याचा नि बचत गटाचा काय संबंध? संबंध आमच्या गटाच्या कर्जाच्या वहीत लिहिलेला आहे. तो पुढं सांगते.

19 फेब्रुवारी आता महिन्यावर आलीय. गावागावात मंडळाच्या मीटिंगा सुरू झाल्या असतील. टी-शर्टचा रंग ठरत असेल, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा नि कुणाचा बारका यावरून रुसवेफुगवे चालू असतील. आमच्या सातारा भागात शिवजयंती म्हटली की शिवज्योत आलीच. ज्यांच्या गावात ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोरं आदल्या दिवशी गडावर जातात. तिथं पूजा करून मशाल पेटवतात, आणि ती जळती ठेवून पळत पळत गावापर्यंत आणतात. एकानं किलोमीटरभर पळायचं, मग दुसऱ्यानं हातात घ्यायची. काही पोरं अनवाणी पळतात. मागं टेम्पो, पुढं मोटारसायकली. सकाळी ज्योत वेशीवर आली की आपण बायका ताट घेऊन उभ्या असतो. पोरांच्या पायांवर पाणी ओततो, कुंकू लावतो, ओवाळतो. रात्रभर पळून पायाला फोड आलेले असतात, पण तोंडावर काय तेज असतं! मी लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी ओवाळलंय, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा आलाय. तेव्हा मी या गोष्टीच्या विरोधात बोलतेय असं कुणी समजू नका.

आमच्या गावात आधी एकच मंडळ होतं. ज्योत प्रतापगडावरून यायची. प्रतापगड आपल्याच जिल्ह्यात, जायला यायला सोपा. मग एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनेल झाली, आणि मंडळाचीही दोन झाली. जुन्या मंडळाची जयंती तारखेची, म्हणजे 19 फेब्रुवारी, सरकारी सुट्टी असते ती. मग नव्या मंडळानं तिथीची धरली, फाल्गुन वद्य तृतीया. ती बहुतेक मार्चात येते. आता तारीख की तिथी हा वाद मोठमोठ्या अभ्यासकांनी घातलेला आहे, मी बी.ए.ला इतिहास घेतला होता म्हणून मला थोडंफार ठाऊक आहे. जन्माचं सालसुद्धा आधी 1627 धरायचे, नंतर कागदपत्रं सापडली आणि 1630 मान्य झालं. पण खरं सांगू? आमच्या गावातल्या वादाचा त्या कागदपत्रांशी काही संबंध नव्हता. पहिल्यांनी तारीख धरली होती म्हणून दुसऱ्यांनी तिथी धरली, एवढंच.

नव्या मंडळाला वेगळं काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांच्या नेत्यानं डिझेल दिलं, टी-शर्ट दिले, आणि ज्योत थेट रायगडावरून आणायची ठरली. प्रतापगडाच्या दुप्पट लांब. ते करून दाखवलं म्हटल्यावर जुनं मंडळ गप्प बसेल होय? पुढच्या वर्षी त्यांच्याही नेत्यानं पैसे सोडले, आणि तेही रायगडाला निघाले. त्यांनी शंभर पोरं नेली तर आपण दीडशे न्यायची. त्यांच्या टेम्पोत दोन स्पीकर तर आपल्यात चार.

पोरं कुठनं आणायची दीडशे? मग दहावीची, बारावीची, सगळीच.

त्या वर्षी माझा पुतण्या, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचा मुलगा, बारावीला होता. पहिला पेपर दोन दिवसांवर आलेला. जाऊबाई नको म्हणत होत्या. पण मंडळाचे कार्यकर्ते दारात आले, म्हणाले, "वहिनी, महाराजांच्या कामाला नाही म्हणता?" आता याच्यावर कुठली आई काय बोलणार? मीच म्हणाले, जाऊ द्या एक रात्र. ते वाक्य मला अजून टोचतं.

येताना पोलादपूरकडून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जुलै 2018 मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची सहलीची बस याच घाटात दरीत गेली, आणि अख्ख्या बसमधला एकच माणूस वाचला. त्या घाटात रात्री दोन-अडीचला आमची पोरं मालाच्या टेम्पोत दाटीवाटीनं उभी. दोन रात्रीची झोप नाही. ड्रायव्हरचीही तीच गत, तोसुद्धा आदल्या रात्रीपासून गाडीवर. पुतण्या मागच्या फाळक्यावर बसला होता. वळणावर ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला आणि पोरगं रस्त्यावर. दैव म्हणून डाव्या बाजूला पडला. उजवीकडं दरी होती.

मांडीचं हाड मोडलं, सळई घालावी लागली. बारावीचं वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी नेते दवाखान्यात आले. पाच हजार दिले, कॉटजवळ उभं राहून फोटो काढला, "काही काळजी करू नका" म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचे आले. त्यांनी फळं आणली, त्यांचाही फोटो झाला, आणि वर दारात उभं राहून पहिल्यांना शिव्या दिल्या. पोरगं कॉटवर कण्हतंय आणि बाहेर हे चाललंय. त्यानंतर दोघांपैकी कुणी फिरकलं नाही. टेम्पोच्या विम्याचं विचारायला गेलो तर कळलं, मालाच्या गाडीत माणसं बसवलेली, विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही. टेम्पोवाल्यानं हात वर केले. मंडळ म्हणालं, आमच्याकडं शिल्लक काही नाही, सगळं डीजेला गेलं.

शेवटी पैसे कुठनं उभे राहिले? आमच्या गटातून. 40 हजार. काही अंतर्गत कर्ज, बाकीचं ग्रामसंघाकडून. कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो, तिथं मी माझ्या हातानं लिहिलं, "दवाखाना". दरमहा शेकडा एक रुपया व्याजानं जाऊबाई ते अजून फेडतायत. म्हणून म्हटलं, याचा बचत गटाशी संबंध आहे. गडावर ज्योत पेटवायला डिझेल नेत्यानं दिलं, खरं; पण पुढचा सगळा खर्च दहा बायकांच्या आठवड्याच्या पन्नास-पन्नास रुपयांतून झाला.

आता कुणी म्हणेल, हे आपल्या गावचंच राजकारण. तसं नाही. जुन्या जागांवरून, थोरामोठ्यांच्या स्मारकांवरून ओढाताण पूर्वीपासून चालत आलीय. जोतीराव फुले रायगडावर गेले, आणि 1869 साली त्यांनी महाराजांचा पोवाडा छापला, रयतेचा राजा म्हणून. पुढं 1895 साली लोकमान्य टिळकांनी समाधीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी सुरू केली आणि 1896 साली रायगडावर उत्सव झाला. दोघांनी महाराज लोकांपर्यंत नेले, आपापल्या नजरेनं. आज दोन्हीकडचे लोक टीव्हीवर भांडतात, समाधी पहिल्यांदा कुणी शोधली म्हणून. राज्याभिषेक सोहळासुद्धा रायगडावर दोनदा होतो, एकदा 6 जूनला तारखेनं आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीनं. आयोजक वेगळे, पाहुणे वेगळे. आणि मालवणचं तर तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंच असेल. राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर 2023 ला उभा राहिला, ऑगस्ट 2024 ला कोसळला. दोन दिवसांनी दोन पक्षांचे कार्यकर्ते त्याच किल्ल्यावर समोरासमोर भिडले. पुतळा पडल्याचं दुःख कुठं गेलं कोण जाणे.

आणखी एक सांगते. आमच्या गावातल्या बौद्धवस्तीतली पोरं दरवर्षी 20 मार्चला महाडला जातात, चवदार तळ्यावर. 1927 साली बाबासाहेबांनी तिथं पाण्याला हात लावला तो दिवस. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच दुसरी परिषद झाली, तेव्हा बाबासाहेब बायकांशी वेगळं, त्यांच्यासाठी म्हणून बोलले होते. आणि महाडपासून रायगड पंचवीस-एक किलोमीटर. म्हणजे बघा, एकाच गावची पोरं, एकाच घाटातून, एकाच महाडला जातात, पण वेगवेगळ्या टेम्पोतून, वेगवेगळ्या झेंड्याखाली. कधी कधी टेम्पोवाला मात्र तोच असतो! आमच्या गटात दोन्हीकडच्या आया आहेत. मीटिंगला एकाच सतरंजीवर बसतात. त्या घाटाची भीती दोघींना सारखीच वाटते.

गेल्या वर्षी जानेवारीत मी हा विषय गटाच्या मीटिंगला काढला. सुरुवातीला कुणी बोलेना. नवरे कुठल्या ना कुठल्या मंडळात. एक जण म्हणाली, "ताई, यात आपण पडलो तर घरात भांडणं होतील." खरं होतं. मग आमच्यातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "मला एवढं सांगा, ज्योत आल्यावर ओवाळायला कोण लागतं त्यांना?" सगळ्या हसल्या. पण तिथूनच वाट सापडली.

ग्रामसंघात ठराव झाला. दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांना बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, ज्योत तुम्ही कुठल्याही दिवशी आणा, कुठल्याही गडावरून आणा, आम्ही ओवाळू. पण जी ज्योत मालाच्या टेम्पोत पोरं कोंबून येईल तिच्यापुढं एकही ताट येणार नाही. बसच करायची, आणि ड्रायव्हर दोन. अठरा वर्षांखालचं पोर मोटारसायकल चालवणार नाही. हे आम्ही उगीच म्हटलं नव्हतं. 2019 पासून कायदा असा आहे की अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सांगितल्यावर एका अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण गाडी त्यांच्याच नावावर होती. दहावी-बारावीच्या पोरांना नेऊच नका, असंही सांगितलं. त्यांनी वेशीवर ज्योत घ्यावी आणि शेवटचा एक किलोमीटर पळावं. आणि खर्चाचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, कुणी किती दिले आणि कशाला गेले.

लगेच सगळं मान्य झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन्ही मंडळं एक करा असंही आम्ही म्हणून पाहिलं, त्यावर दोघंही उठून निघाले. एक अध्यक्ष म्हणाले, "बायकांनी आम्हाला शिवभक्ती शिकवू नये." आमच्यातल्या दोघींना घरी बोलणी बसली, एकीनं तर दोन आठवडे मीटिंगला येणं बंद केलं. हिशोबाचा कागद एकाच मंडळानं लावला, तोही अर्धा. तरी पण बस दोघांनीही केली. नेत्यांनी कुरकुरत का होईना, बसचे पैसे दिले. निवडणूक जवळ होती, आणि वेशीवर रिकामी ताटं कुणालाच परवडणारी नव्हती. राजकारणाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा की नाही?

मग आमच्या पोरींनी विचारलं, आम्ही का नाही जायचं? त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. सहा मुली गेल्या, सोबत गटातल्या दोघी जणी. मीही गेले. रायगड मी पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, रोपवे असतो पण आम्ही चढूनच गेलो. मध्ये मध्ये बसत, पाणी पीत. वर जगदीश्वराचं देऊळ, समोर समाधी. देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ज्यांनी गड बांधला. एवढा गड उभा केला आणि नाव कुठं, तर पायरीवर. मुलींनी त्याचा फोटो काढला. मला आमच्या गावातला फ्लेक्स आठवला, पण मी काही बोलले नाही.

मग हिरकणीचा बुरूज. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. दूध घालायला गडावर गेलेली बाई, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरात तान्हं बाळ. कड्यावरून उतरली. मी वरून तो कडा बघितला आणि माझे पाय लटपटले. सोबतच्या एक मावशी म्हणाल्या, "हिचं लेकरू खाली होतं म्हणून ही उतरली. आमची लेकरं आम्ही आपल्या हातानं टेम्पोत बसवून दिली." कुणी काही बोललं नाही त्यावर.

उतरल्यावर मुलींनी पाचाडला थांबायचा हट्ट धरला. गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला, आणि जिजाऊ गेल्या 17 जूनला. अकरा दिवसांनी. पोराचं सगळं झालेलं बघितलं आणि गेल्या. मी बसमधल्या पोरांना विचारलं, याआधी इथं कोण कोण थांबलंय? दरवर्षी रायगडाला येणारी पोरं होती त्यात. एकानंही हात वर केला नाही. ज्योत वेळेत पोचवायची गडबड असते ना! समोरच्या मंडळापेक्षा अर्धा तास आधी पोचायचं, आठ वाजता नेत्यांची वेळ ठरलेली. त्या गडबडीत आई रस्त्यातच राहून जाते.

त्या दिवशी आम्ही तिथं पाऊण तास थांबलो. पोरं आधी चुळबुळ करत होती, मग शांत बसली. ज्योत गावात पोचायला उशीर झाला, आणि नेते वाट बघून निघून गेले होते. वेशीवर फक्त बायका होत्या, ताटं घेऊन.

आता या वर्षीचं. तुमच्या गावातही हे असंच थोडंफार असणार. येत्या मीटिंगला बचत गोळा झाली की उठू नका, हा विषय काढा. गाडी कुठली, ड्रायव्हर किती, कुठली पोरं चाललीत, पैसे कुणी दिले, एवढं विचारा. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे नंतर कुणी एकटीवर ढकलणार नाही. मंडळाच्या अध्यक्षांशी बोलायला एकटी जाऊ नका, चार जणी जा. चहा पाजायला विसरू नका, त्याचा उपयोग होतो. रात्री गाडी घाटात असेल तेव्हा एका मुलाकडं चार्ज केलेला मोबाईल आणि 108 नंबर असू द्या.

माझ्या पुतण्यानं नंतर बारावी दिली, पास झाला. थोडा लंगडतो, थंडीत पाय दुखतो. परवा घरी आला आणि म्हणाला, "काकी, यंदा मी जाणार. घाटात नाही, गावात शेवटचा एक किलोमीटर पळणार." मी त्याच्या आईकडं बघितलं. जाऊबाई भाकरी थापत होत्या. अजून त्या हो म्हणालेल्या नाहीत.